केशहीन मस्तक आणि समाजाचे ऋण

काशीत केस नसलेले मस्तक ही नवलाची गोष्ट नाही. दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्यांवर सकाळी न्हावी आपल्या पेट्या उघडून बसतात. एखाद्याच्या पुढ्यात जावळ काढण्यासाठी आणलेले मूल आईच्या मांडीवर रडत असते. मणिकर्णिकेवर आणि हरिश्चंद्र घाटावर बापाला अग्नी देणारा मुलगा वस्तऱ्याखाली मान वाकवून बसलेला असतो. दंडी संन्यासी मुंडित मस्तकाने स्नानाला उतरतात. गावाबाहेर सारनाथला देशोदेशींचे भिक्षू आणि भिक्षुणी दिसतात. त्यांच्यातले थाई भिक्षू तर भुवयांवरूनही वस्तरा फिरवतात. पार्श्वनाथांचे जन्मस्थान म्हणून जैनांना पूज्य असलेले भेलूपूर याच नगरीत आहे, आणि जैन साधू-साध्वी केस कापत नाहीत, ते हातांनी उपटून काढतात. इतक्या परंपरा जिथे शेजारी शेजारी नांदतात, त्या गावाची नजर केशहीन मस्तकाला सरावलेली असावी, हे स्वाभाविकच आहे.

ही नजर सरावलेली आहे ती वाचायला. प्रत्येक मुंडित मस्तक तिथे काहीतरी सांगते आणि पाहणारा ते क्षणात वाचतो : हा सुतकात आहे, हा विरक्त आहे, या मुलाचा पहिला संस्कार झाला आहे, ही विधवा आहे. वाचून झाले की नजर पुढे जाते. ती अडखळते ज्या मस्तकावर काहीच लिहिलेले नाही अशा मस्तकापाशी. त्याचे केस गेले आहेत. पण ते त्याने कोणाला दिले नाहीत आणि कोणी त्याच्याकडून घेतले नाहीत. घरात कोणी वारलेले नाही, कशाचा त्यागही घडलेला नाही. एके दिवशी विंचरताना रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा हाताला लागला, काही दिवसांनी त्याच्या शेजारी दुसरा उमटला, आणि काहींच्या बाबतीत वर्ष सरता सरता डोके, भुवया, पापण्या सारे उघडे पडले. मराठीत या रोगाला चाई म्हणतात. आजच्या वैद्यकात त्याचे नाव ॲलोपेशिया एरियाटा. अशा माणसाला काशीच्या गल्लीत कोणी सहज विचारील, ‘घरातलं कोण गेलं?’ आणि त्याच्याजवळ त्या प्रश्नाचे उत्तर नसेल. या उत्तर नसण्याचा विचार येथे करावयाचा आहे. अशा माणसाचे समाज काही देणे लागतो काय, आणि लागत असेल तर ते देणे नेमके कोणते, हा तो प्रश्न.

या रोगाचे जुने नावही काशीशी जोडलेले आहे. सुश्रुतसंहितेची मांडणी काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याने सुश्रुत आणि इतर शिष्यांना केलेल्या उपदेशाच्या रूपात आहे. त्या ग्रंथातील क्षुद्ररोगांच्या प्रकरणात ‘इंद्रलुप्त’ येतो. रोमकूपांत शिरलेले पित्त वाताच्या साहाय्याने केस गाळते, आणि मग कफ रक्तासह ती छिद्रे अडवून धरतो म्हणून तेथे दुसरा केस उगवत नाही, असे त्याचे वर्णन आहे. ही उपपत्ती आज आपण मानू अथवा न मानू. तिच्यातील एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. देहात काय घडते एवढे वैद्याने सांगितले आणि तो थांबला. या रोग्याने कोणते पाप केले असेल, ही चौकशी त्या वर्णनात नाही. रोगाच्या नावात तेवढा इंद्र येऊन बसला आहे. वैद्य जिथे थांबला तिथे लोक थांबले नाहीत. कर्मविपाकाच्या ग्रंथांनी रोगांची सांगड पूर्वजन्मीच्या पातकांशी घातली आणि शेजारपाजाऱ्यांनी ती नजरेशी, विटाळाशी, बाहेरच्या बाधेशी घातली.

आजचे वैद्यक सांगते ते असे. शरीराचे रक्षण करणाऱ्या ज्या पेशी एरवी रोगजंतूंवर तुटून पडतात, त्याच केसाच्या मुळाला परके समजून त्याभोवती गोळा होतात. केस गळतो; पण मूळ मरत नाही. म्हणूनच कित्येकांचे केस पुन्हा येतात, काहींचे पुन्हा जातात, आणि कोणाचे काय होईल हे कोणताही वैद्य छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. रोग संसर्गाने पसरत नाही. एका कंगव्याने, एका उशीने, एका वर्गात बसल्याने तो दुसऱ्याला होत नाही. शंभरांत साधारण दोन माणसांना आयुष्यात कधी ना कधी तो गाठतो, आणि पुष्कळदा तो लहान वयातच येतो. २०११ च्या जनगणनेत वाराणसी शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास होती. हे प्रमाण धरले तर एका या शहरात चोवीस हजार माणसे अशी निघतात, की ज्यांनी हा चट्टा कधीतरी अनुभवला आहे किंवा पुढे अनुभवतील. एका तालुक्याच्या गावाएवढी ही वस्ती. पण तिच्यातल्या एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, कारण प्रत्येक जण टोपीखाली, पदराखाली, भांग वळवून घेतलेल्या केसांखाली आपला चट्टा झाकून बसला आहे.

येथे ‘कारण’ आणि ‘अर्थ’ या दोन शब्दांतील अंतर स्पष्ट करणे आवश्यक आहे. चाईला कारण आहे. तिला अर्थ नाही. ती कशामुळे झाली हे शोधता येते; ती कशासाठी झाली हा प्रश्नच लागू पडत नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या चिकित्साविज्ञान संस्थेत आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद एकाच छत्राखाली शिकवले जातात. दोन्हींची भाषा वेगळी, कारणमीमांसा वेगळी. पण रोग्याच्या डोक्यावर नैतिक निवाडा लिहिण्याचा अधिकार दोन्हींपैकी कोणीही स्वतःकडे घेत नाही. तो अधिकार समाज घेतो. माणसाला अर्थशून्यता सहन होत नाही. कोरी भिंत दिसली की तिच्यावर काहीतरी लिहावेसे वाटते, तसे कोरे मस्तक दिसले की त्यावर तो काहीतरी लिहितो. चाई झालेल्या माणसाचे खरे दुःख बहुधा येथून सुरू होते. केस जाण्याची वेदना शरीराला नसतेच. हा रोग सहसा दुखत नाही. दुखते ते त्या जागी लिहिले गेलेले.

काय लिहिले जाते, हे पाहायचे तर आपल्या, म्हणजे मराठी समाजाच्या, काशीतील इतिहासाकडे पाहावे लागेल. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या राहत आली. पैठणहून गेलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्राविधींचा ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट याच घराण्यातले. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधविले. या त्रिस्थळीच्या यात्रेत केसांना मोठे स्थान आहे. प्रयागला सधवा स्त्री वेणीदान करते : केसांच्या टोकाची दोन-तीन अंगुळे संगमात अर्पण केली जातात, उरलेला संभार सौभाग्याची खूण म्हणून माथ्यावर राहतो. विधवेचे मात्र सारेच केस उतरवले जात. काशीवासाला आलेल्या, कित्येकदा घरच्यांनी आणून सोडलेल्या, मराठी विधवा आलवण नेसून, मस्तकावर पदर ओढून याच गल्ल्यांतून वावरल्या.

या दोन विधींतील तर्क उघड आहे. स्त्रीचे केस तिचे नव्हतेच. ते पतीच्या अस्तित्वाची खूण होते. पती असेतो ते राहावेत, तो गेला की जावेत. ज्या भाषेत ‘बोडकी’ हा शब्द शिवी म्हणून शतकानुशतके वापरला गेला, त्या भाषेच्या स्मरणात केशहीन स्त्री म्हणजे अपशकुन हे समीकरण खोल रुतून बसले आहे. केशवपन गेले, आलवण गेले, समीकरण उरले. म्हणूनच चाई झालेल्या पुरुषाच्या वाट्याला बहुधा थट्टा येते, आणि चाई झालेल्या स्त्रीच्या वाट्याला भीती. हळदीकुंकवाला तिला बोलावताना यजमानीण क्षणभर थबकते. त्या थबकण्यामागे असलेली आजीची आजी तिला स्वतःलाही ठाऊक नसते. रोग आजचा आहे. निवाडा जुना आहे.

म्हणजे केशहीन मस्तके तीन प्रकारची झाली. एक, ज्याचे केस त्याने स्वतः दिले : संन्याशाचे, भिक्षुणीचे, साध्वीचे. दुसरे, ज्याचे केस इतरांनी घेतले : विधवेचे. तिसरे, ज्याचे केस नुसते गेले. पहिल्याला समाज वंदन करतो, दुसऱ्याला बाजूला सारतो. तिसऱ्यासाठी त्याच्याजवळ जागाच नसल्यामुळे तो त्याला पहिल्या दोहोंपैकी एकीत कोंबू पाहतो.

याचे एक बोलके उदाहरण काशीतच घडले. २००० सालच्या आरंभी दीपा मेहता यांच्या ‘वॉटर’ या काशीच्या विधवांवरील चित्रपटाचे चित्रीकरण येथे सुरू व्हायचे होते. शबाना आझमी आणि नंदिता दास या अभिनेत्रींनी भूमिकेसाठी मस्तक मुंडित करून घेतले होते. घाटावरचा देखावा मोडला गेला, चित्रीकरण थांबले, आणि चित्रपट पुढे श्रीलंकेत वेगळ्या नटसंचासह पुरा होऊन २००५ मध्ये लोकांपुढे आला. त्या वादाची चर्चा पुष्कळ झाली आहे; येथे तिचे प्रयोजन नाही. मुद्दा एवढाच की, त्या दोघींची मुंडित छायाचित्रे ज्यांनी पाहिली त्यांच्यापैकी अनेकांना त्यांत निष्ठा आणि धैर्य दिसले. ते रास्तच होते. केस जाणे हा त्यांचा निर्णय होता आणि केस परत येणार हे सर्वांना ठाऊक होते. निर्णय आणि परतीची खात्री या दोन गोष्टी काढून घेतल्या, की तेच मस्तक पाहणाऱ्याला अस्वस्थ करते. म्हणजे आपण आदर करतो तो केशहीनतेचा नव्हे, तिच्यामागच्या इच्छेचा. जिथे इच्छा नाही तिथे आदर कशाच्या आधारे करायचा, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो काशीतच सर्वांत प्रभावीपणे मांडला जाईल. देह नश्वर आहे; केस तर देहाचाही मृत भाग. ज्या नगरीत चिता विझत नाहीत, तिथे चार केसांसाठी शोक करणे हा मोहच होय. चाई झालेल्याने हे दैवाने दिलेले वैराग्य समजून स्वीकारावे. हा उपदेश सद्हेतूने केला जातो, यात शंका नाही. पण त्यात एक मूलभूत गफलत आहे. त्याग हा कर्त्याचा असतो. मी माझे दिले तर तो त्याग. माझे गेले आणि दुसऱ्याने त्याला त्याग म्हटले, तर ती केवळ माझ्या हानीवर त्याने चढविलेली झूल. सक्तीच्या केशवपनाचे समर्थनही याच भाषेत होत असे. विधवेला विरक्ती शिकवण्यासाठी तिचे केस काढावेत, असे म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी आरसे आणि अत्तरे होतीच. दुसऱ्याला सांगितलेले वैराग्य हे सांगणाऱ्याची सोय असते. त्याला दुसऱ्याच्या दुःखाजवळ बसावे लागत नाही; वरच्या पायरीवर उभे राहून बोलता येते.

शिवाय, केस क्षुद्र आहेत असे म्हणणाऱ्या समाजानेच त्यांना क्षुद्र राहू दिलेले नाही. जावळापासून सुतकापर्यंत प्रत्येक वळणावर त्याने केसांशी काहीतरी बांधले. शाळेतल्या दोन वेण्या, लग्नातल्या मुंडावळ्या, मुलगी दाखवताना काढलेली वेणीची चौकशी, सारे त्यानेच ठरवले. एखाद्या नाण्याला साऱ्या गावाने मोल द्यायचे, आणि ज्याचे ते नाणे हरवले त्याला मात्र ‘धातूचा तुकडा तो, त्याचे काय एवढे!’ म्हणायचे, हा न्याय नव्हे. मोल ज्यांनी दिले, त्यांच्याकडेच ते मोल परत घेण्याची जबाबदारी येते. चाई झालेल्या माणसाचे समाज देणे लागतो ते याच नात्याने. दया हा त्याचा आधार नाही. आपणच उभ्या केलेल्या व्यवहारात दुसऱ्याचे नुकसान होत असेल, तर तो व्यवहार बदलण्याचे हे ऋण आहे.

हे ऋण फेडण्याचा मार्ग कोणता, याचे उत्तर आपल्या इतिहासात केसांच्याच संदर्भात मिळते, ही लक्षणीय गोष्ट आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवली आणि विधवांचे केस काढणार नाही असा निर्धार केला. लोखंडे सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी. विधवेच्या केशवपनाविरुद्ध लेख लिहिणारे सुधारक तेव्हा होते. त्याच वर्षी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमाक्रमाने येऊ लागली आणि यमूच्या केशवपनाने पुढे कित्येक वाचकांना हलवून सोडले. पण न्हाव्यांनी केले ते वेगळ्या जातीचे कृत्य होते. त्यांनी विधवांचे सांत्वन केले नाही. धर्मशास्त्राचा अर्थ लावण्याचा अधिकारही त्यांना कोणी दिलेला नव्हता. या साऱ्या व्यवस्थेत आपला हात कुठे आहे, एवढे त्यांनी पाहिले, आणि तो काढून घेतला. आज्ञा शास्त्र्याची असेल, इच्छा सासऱ्याची असेल. वस्तरा मात्र आपला आहे, हे ज्याला कळले त्याला आपले कर्तव्य शोधायला दूर जावे लागत नाही. त्या निर्धाराने केशवपन थांबले नाही. ते पुढे कित्येक दशके चालू राहिले. तरीही सामाजिक आधार म्हणजे काय, याची इतकी नेमकी व्याख्या दुसरी सापडणे कठीण. आधार देणे म्हणजे ज्या कृतीने समोरच्याला दुखापत होते तिच्यातील स्वतःचा वाटा ओळखणे आणि तो काढून घेणे.

हा वाटा कसा ओळखावा, याची निकड अलीकडेच महाराष्ट्रात दिसून आली. २०२४ चा डिसेंबर सरत असताना आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोके खाजे, मग केस हातात येत, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. हा प्रकार चाईहून वेगळा होता. पाणी तपासले गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपास करून रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. पण कारण शोधले जात असतानाच अर्थ लावणारे पुढे सरसावले होते. विषाणूची अफवा उठली. शिकणाऱ्या मुलामुलींचे शिक्षण खोळंबले, काहींची ठरलेली लग्ने मोडली, आणि तुकड्या-तुकड्यांनी गेलेले केस दिसू नयेत म्हणून अनेकांनी उरलेलेही उतरवले. केस गव्हाने नेले असोत वा आणखी कशाने. लग्ने गव्हाने मोडली नाहीत. ती माणसांनी मोडली. गेलेले केस बहुतेकांच्या डोक्यावर हळूहळू परत येऊ लागले; मोडलेली सोयरीक मात्र आपोआप उगवत नाही.

समाजाच्या देण्याचा दुसरा भाग समदुःखितांकडून येतो. ज्याला स्वतःला हा अनुभव आहे तोच काही गोष्टी देऊ शकतो. अमेरिकेत १९८१ साली या एका रोगासाठी राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन झाले. वर्षातून एकदा त्याच्या संमेलनात शेकडो केशहीन माणसे, त्यांत कितीतरी लहान मुले, एकत्र येतात. आपल्याकडे याच्या अगदी जवळचे उदाहरण पुण्याच्या ‘श्वेता असोसिएशन’चे आहे. डॉ. माया तुळपुळे यांनी ती संस्था पांढऱ्या डागांच्या रुग्णांसाठी उभी केली. पांढरे डाग आणि चाई ही एका अर्थी भावंडेच : दोन्हींत देहाची रक्षकसेना स्वकीयांवर उलटते, दोन्ही संसर्गजन्य नाहीत, दोन्ही डोळ्यांना दिसतात आणि दोन्ही लग्नाच्या बाजारात माणसाचे मोल पाडतात. या संस्थेने मेळावे घेतले, वधूवरांच्या गाठी घालून दिल्या, ‘कोड’ या शब्दाभोवतीची घृणा ओळखून ‘पांढरे डाग’ हा साधा शब्द रुजवण्याचा आग्रह धरला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६ चा चित्रपटही याच विषयावरचा.

अशा मेळाव्यात नेमके काय घडते? औषधांची माहिती मिळते, हे खरे. पण ती दवाखान्यातही मिळाली असती. तिथे घडणारी खरी गोष्ट अशी की, जे बाहेर अपवाद असते ते आत सामान्य होते. दहा वर्षांच्या मुलीला प्रथमच अशी दुसरी मुलगी भेटते, आणि दोघी केसांविषयी अवाक्षर न बोलता सागरगोटे खेळायला बसतात. त्या खेळण्यात जो आधार आहे तो कोणत्याही भाषणात नाही. आपल्या मस्तकाचा खुलासा करावा न लागणे, हे स्वातंत्र्य इतरांना जन्मतः मिळालेले असते. तिला ते त्या दिवशी काही तासांपुरते मिळते. पण संध्याकाळी ती आपल्या गल्लीत परतते. समदुःखितांचा समाज हा विसाव्याचा पार आहे. घर करून राहण्याची जागा नाही. ज्या गावात एका कोपऱ्यातच माणसाला मोकळे वाटते, त्या गावाने आपले देणे त्या कोपऱ्यावर ढकलले आहे, असे म्हणावे लागेल.

आधाराच्या नावाखाली जे दिले जाते त्यातील पुष्कळ काही खोटे असते, म्हणून त्याचीही पारख केली पाहिजे. पहिला खोटा आधार उपायांचा. भेटेल तो कांद्याचा रस, लसूण, कुठल्यातरी बाबांचे तेल सुचवतो. सुचवणाऱ्याला आपण मदत केली असे वाटते; ऐकणाऱ्याला दिवसातून पाचव्यांदा कळते की आपण दुरुस्त व्हायला हवे आहोत. हा रोग आपल्या लहरीने बरा होणारा असल्याने प्रत्येक तेलवाल्याला कधी ना कधी यश मिळतेच, आणि त्या यशावर तो दहा जणांना फसवतो. दुसरा खोटा आधार गौरवाचा. ‘तू किती शूर आहेस’ असे बाजारात भाजी घेणाऱ्या बाईला म्हणणे म्हणजे भाजी घेणे हे तिच्या बाबतीत शौर्याचे कृत्य ठरवणे. तिसरा कैवाराचा. मार्च २०२२ मध्ये ऑस्कर पुरस्कारांच्या सोहळ्यात जेडा पिंकेट स्मिथ यांच्या केशहीन मस्तकावर निवेदकाने थट्टा केली आणि त्यांचे पती विल स्मिथ यांनी मंचावर जाऊन त्याच्या श्रीमुखात भडकावली. जगभर दोन पुरुषांची चर्चा झाली. ज्या स्त्रीच्या मस्तकावरून हे घडले, तिला स्वतःला काय हवे होते हे विचारण्याची गरज फारशा कोणाला वाटली नाही. कैवारानेही माणसाला गप्प बसवता येते.

टोपाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. केस नसलेल्याने कृत्रिम केस वापरणे हे असत्य आहे काय? काही जण म्हणतात, लपवणे हा समाजापुढे पत्करलेला पराभव आहे. उघडे मस्तक हेच सत्य. काही जण म्हणतात, झाकून राहावे, दुसऱ्यांना का अवघडवावे? मला दोन्ही मते सारखीच आक्रमक वाटतात, कारण दोन्हींत निर्णय तिसराच घेतो. तिरुमलाला भक्त श्रद्धेने केस अर्पण करतात, देवस्थान त्यांचा लिलाव करते, आणि अशा केसांचे टोप होऊन जगभर जातात. एकीने इच्छेने दिलेला केस दुसरीने इच्छेने माथ्यावर घ्यावा, यात कोणते असत्य आहे? असत्य असेल तर ते टोपाशिवाय नोकरी मिळणार नाही, स्थळ येणार नाही, या धाकात आहे. झाकण्याची आणि न झाकण्याची किंमत जेव्हा सारखी होईल, तेव्हाच त्या दोहोंतील निवड ही निवड म्हणता येईल. ती किंमत सारखी करणे हे समाजाचे काम. निवड करणे हे तिचे.

कोणी म्हणेल, हा सारा विचार आता लवकरच कालबाह्य होईल. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीव्र स्वरूपाच्या चाईसाठी बॅरिसिटिनिब या पोटातून घ्यावयाच्या औषधाला मान्यता दिली, आणि पुढच्या दोन वर्षांत त्याच जातीची आणखी दोन औषधे आली. ही आनंदाची गोष्ट आहे. पण ही औषधे सर्वांना लागू पडत नाहीत, त्यांचे धोके आहेत, आणि ती थांबवली की केस पुष्कळदा पुन्हा गळतात. त्यापेक्षाही महत्त्वाचे असे की, औषधाने रोगी बरा होतो. निवाडा बरा होत नाही. उद्या शंभरांपैकी ऐंशी जणांचे केस परत आले, तर उरलेल्या वीस जणांना ‘औषध असूनही असा कसा राहिलास?’ हा नवा प्रश्न विचारला जाईल. उपाय वाढले की न बरे होणाऱ्याचा एकटेपणा वाढतो, हा रोगांच्या इतिहासातील जुनाच अनुभव आहे.

म्हणून शेवटी विचार करायचा तो आपापल्या हातातील वस्तऱ्याचा. शिक्षकाच्या हातात गणवेशाचा नियम असतो. टोपी घालून बसलेल्या मुलाला ती साऱ्या वर्गादेखत काढायला लावायची की नाही, हे तो ठरवतो. न्हाव्याच्या हातात पडदा असतो. चट्टा दिसताच मोठ्याने ‘अरेच्चा!’ म्हणायचे की गिऱ्हाइकाला शांतपणे डॉक्टरकडे जायला सांगायचे, हे तो ठरवतो. स्थळे सुचवणाऱ्या मावशींच्या हातात एक वाक्य असते. हळदीकुंकवाच्या यजमानणीच्या हातात कुंकवाचा करंडा असतो, आणि थबकण्याचा तो एक क्षण. लेखकाच्या हातात शब्द असतात. ‘बोडकी’ आणि ‘टकल्या’ कुठे, कोणाच्या तोंडी आणि कशासाठी घालायचे, याचा हिशेब त्याला द्यावा लागतो. यांतील एकाही कृतीला मोठ्या त्यागाची गरज नाही. मुंबईच्या न्हाव्यांचे उत्पन्न बुडत होते, तरी त्यांनी हात आखडला. आपले तर काहीच बुडणार नाही.

संस्कृतीचे काम माणसांच्या आयुष्याला अर्थ देणे हे आहे, असे आपण नेहमी म्हणतो. काशीसारख्या नगरीने ते काम जन्मापासून चितेपर्यंत केले आहे, आणि त्याबद्दल कृतज्ञ असावे असे तिच्यात पुष्कळ आहे. पण जिथे अर्थ नाही तिथे तो न लादण्याचा संयम, हेही संस्कृतीचेच काम मानले पाहिजे. एखाद्या मस्तकावर केस नाहीत, इतकेच. ते पाहावे, आणि त्या माणसाशी जे बोलायचे होते ते बोलावे.